मिशाळ माशाची अंडी

बाळांनो, मांडी घालून बसा. हे जंगल कुठं होतं ते विचारायचं नाही. एका जंगलात उग्रसेन नावाचा वाघ राजा होता आणि त्याच्या गुहेत काचेची टाकी होती. जंगलात काच कुठून आली, तेही विचारायचं नाही.

टाकीत दोन मासे होते. चपटे, काळपट, तोंडानं काचेला चिकटून शेवाळ खाणारे. एकाच्या नाकावर फांद्यांसारख्या मिशा फुटल्या होत्या. दुसरीचं नाक गुळगुळीत. महाराजांनी मिशीवाल्याचं नाव ठेवलं शूरसेन. गुळगुळीत मासोळीचं नाव नाजुका.

"मिशा पाहिल्यात?" महाराज आल्यागेल्याला विचारत. "नर असा ओळखायचा!" आणि स्वतःच्या मिशांवरून पंजा फिरवत. आलेगेले महाराजांच्या दातांकडे बघत आणि माना डोलवत.

राणी चित्रांगी मान डोलवत नसे. तिला वेळ नसे. घरात तीन बछडे. एक शेपटीला लोंबकळे, दुसरा कान चावे, तिसरा कुठं गेला ते शोधावं लागे. महाराज शिकारीला जात. शिकार लवकर आटपे, गप्पा मात्र पहाटेपर्यंत चालत.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी कोमट झालं. राणीनं थोडं उपसून झऱ्याचं गार पाणी घातलं. माशांची कळीच खुलली. शूरसेन बांबूच्या नळीत शिरला. मागोमाग नाजुकाही शिरली. काही वेळानं नाजुका बाहेर आली आणि दुधीची फोड खायला निघून गेली. शूरसेन मात्र बाहेर येईना. जेवायलासुद्धा नाही.

"आमचा सेनापती बिळात लपला!" महाराज गरजले. "राज्याची अब्रू गेली!"

राणीनं नळीत डोकावून पाहिलं. "अहो, लपला कुठं? आत नारिंगी अंडी आहेत. शेपटी हलवून त्यांना वारा घालतोय तो."

"अंडी? म्हणजे तो मादी आहे!"

"मिशा आहेत ना त्याला?"

"पण अंडी सांभाळतोय ना?"

"अंडी नाजुकानं घातली. मी इथंच होते."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं, राणीसाहेब? तज्ज्ञ बोलवा."

तज्ज्ञ म्हणून बगळा आला. त्याला सगळे बकाचार्य म्हणत. त्यानं एका डोळ्यानं बराच वेळ टाकीकडे पाहिलं. चोचीतून लाळेचा थेंब पडला.

"प्रकरण गंभीर आहे, महाराज. पोरं सांभाळते ती मादी. मिशा हा निव्वळ दृष्टिभ्रम."

"आणि नाजुका?"

"तोच खरा नर. पाहा ना, जेवतोय, हिंडतोय, घरात काय चाललंय याचा पत्ता नाही."

"हे मात्र पटलं," महाराज म्हणाले.

"आता मिशीवालीला बाहेर काढा. अंडी मला अभ्यासाला लागतील."

महाराजांनी शूरसेनला धरलं. तो नळीला घट्ट चिकटला होता, सुटता सुटेना. शेवटी त्याला ओढून काढून मडक्यात टाकलं. वारा थांबला. नळीतली अंडी निपचित पडून राहिली. बकाचार्य पुढं सरकले आणि त्यांनी चोच पाण्यात घातली.

तेवढ्यात त्यांच्या मानेवर राणीचा पंजा पडला.

"आचार्य, गिळून अभ्यास करायची पद्धत नवीन दिसते."

बकाचार्य शेपटीची चार पिसं मागं ठेवून उडाले. राणीनं मडकं टाकीत उपडं केलं. शूरसेननं इकडंतिकडं पाहिलंसुद्धा नाही. तडक नळीत गेला आणि पुन्हा वारा घालू लागला. काही अंडी पांढरी पडली होती, ती त्यानं वेचून बाजूला केली. बाकीची फुटली. फुगीर पिवळ्या पोटाची पिल्लं नळीला चिकटून बसली आणि पोटं आत गेल्यावर एकेक करत काचेवर आली.

बातमी जंगलभर झाली. अस्वलीण आली, बिबटीण आली, रानमांजरी आली. सगळ्यांनी टाकी पाहिली. मग आपापल्या घरी जाऊन सगळ्यांनी आपापल्या नवऱ्याच्या मिशांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी खेकडा न्हाव्याकडं रांग लागली. पहिला नंबर महाराजांचा.

"साफ करा," महाराज हळूच म्हणाले. "नर असल्याचा पुरावा उरता कामा नये."

पण बाळांनो, वाघाच्या मिशा नुसत्या शोभेच्या नसतात. अंधारात वाट त्याच सांगतात. त्या संध्याकाळी महाराजांचं डोकं दोन खोडांच्या मध्ये अडकलं. ते सुटलं तेव्हा झोपलेल्या हत्तीवर आदळलं. कपाळावर टेंगूळ घेऊन महाराज घरी आले.

"तुम्ही बसा घरी," राणी म्हणाली. "शिकारीला मी जाते."

"आणि बछडे?"

"हा कान चावतो, हा लोंबकळतो. तिसऱ्याला शोधत राहायचं."

राणी गेली. तिची शिकारही लवकर आटपली. मग वाटेत अस्वलीण भेटली. बोलायचं बरंच साठलं होतं. उजाडल्यावर राणी परतली, तेव्हा महाराज गुहेच्या तोंडाशी आडवे पडले होते. एक कान सुजलेला. तिन्ही बछडे त्यांच्या पोटाशी.

"हळू या!" महाराज दात विचकून कुजबुजले. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

पुढं यथावकाश महाराजांच्या मिशा पुन्हा उगवल्या.

राणीनं खेकड्याला बोलावणं धाडलं.

तात्पर्य : घरात माशांची टाकी ठेवू नये. ठेवलीच, तर बायको बसते तिथून ती दिसणार नाही, याची काळजी घ्यावी.