दगडोबाचा अंगठा

सामना रविवारी संध्याकाळी पाचला होता. मास्तरांनी सामन्याआधीचं मार्गदर्शन साडेचारला सुरू केलं आणि पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी ते सुरूच होतं. तेवढ्यात समोरच्या संघानं किल्ल्याचा दरवाजा फोडला, मास्तरांच्या संघाचा झेंडा काढला आणि आपला लावून टाकला. "आता मुद्दा क्रमांक नऊ," असं म्हणून मास्तरांनी वहीचं पान उलटलं, तेव्हा हेडफोनमधून संघातल्या बेकरीवालीचा शांत आवाज आला, "मास्तर, आपण हरलो."

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, "डावीकडे, डावीकडे, अहो डावीकडे" म्हणत राहायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, यात त्यांची वीस वर्षं गेली होती. ड्रायव्हिंग स्कूल मेहुण्याचं होतं. घर बायकोच्या हुकमावर चालायचं. राहता राहिला ऑनलाइन खेळातला हा बावीस जणांचा संघ. तिथे मात्र मास्तर प्रमुख होते, नावापुढे सोनेरी मुकुट होता. 'मास्तर, आता काय करू?' असं अख्ख्या जगात त्यांना फक्त इथंच कुणीतरी विचारायचं. तो मुकुट गेला तर आपण नुसते शेजारच्या सीटवरचे गृहस्थ उरणार, हे मास्तर जाणून होते. आणि संघ लागोपाठ चौथ्यांदा हरला होता.

आता बावीस जण म्हटलं खरं, पण माणसं एकवीसच होती. स्पर्धेत उतरायला बावीस लागतात, म्हणून मास्तरांनी घरातल्या जुन्या टॅबलेटवर एक खोटा खेळाडू उभा केला होता. त्याचं नाव दगडोबा. टॅबलेट स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून ठेवलेला असायचा. एकदा बंद केला की चालू व्हायला पाव तास घ्यायचा, म्हणून तो कायम चालूच. सगळ्यांचं बोलणं त्यातून ऐकू यायचं, पण काच तडकलेली, अक्षरं उमटायची नाहीत. फक्त एका कोपऱ्यात होकाराचा अंगठा तेवढा दाबता यायचा. त्यामुळे दगडोबा किल्ल्याच्या दाराशी नुसता उभा राहायचा आणि कुणी काही बोललं तर अंगठा दाखवायचा. संघात त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मास्तरांबद्दल हे म्हणता आलं नसतं.

प्रत्येक पराभवानंतर मास्तर हेडफोन काढून पाणी प्यायला स्वयंपाकघरात यायचे. तसे आजही आले.

"हरलात?" बायकोनं भाजी चिरता चिरता विचारलं.

"हरलो. माणसं चांगली आहेत गं. ती बेकरीवाली तर माझ्या दुप्पट हुशार आहे. कंपाउंडरला किल्ल्याचा कोपरा न् कोपरा पाठ आहे. मीच मेला बडबडत बसलो."

"मग हे त्यांना सांगा की."

"अगं, प्रमुखानं असं सांगायचं नसतं. वचक जातो."

असं म्हणून मास्तरांनी पेला पालथा घातला, बाहेरच्या खोलीत गेले, हेडफोन चढवला आणि घसा साफ करून म्हणाले, "आजच्या पराभवाला शिस्तीचा अभाव कारणीभूत आहे. कंपाउंडर, मनोऱ्यावर तुम्ही नेमकं काय करत होता?"

नेतृत्व सुधारलं पाहिजे, एवढं मात्र त्यांना मनापासून पटलं होतं. त्यांनी त्यावर कुठं कुठं जे सापडलं ते वाचून काढलं आणि अकरा पानांची नियमावली तयार केली. रोज सकाळी संघाला एक सुविचार, प्रत्येक सामन्याआधी एक बैठक, बैठकीची तयारी करायला आणखी एक बैठक. गैरहजर राहायचं तर लेखी अर्ज. कंपाउंडरची दाढ दुखत होती, त्यानंही अर्ज केला. मास्तरांनी तो 'दाढ कोणत्या बाजूची, ते नमूद नाही' म्हणून परत पाठवला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पाचवा सामना तर संघ बैठक संपायच्या आतच हरला.

"मास्तर, निवडणूक घेऊ या," बेकरीवाली म्हणाली.

मास्तरांना कल्पना आवडली. एकदा लोकांनी निवडून दिलं की बोलायला कुणाचं तोंड उरणार नाही. पंचाईत एकच होती, त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयार होईना. एकटाच धावून पहिला आला, असं लोक म्हणाले असते. प्रतिस्पर्धी हवा आणि तो हमखास पडणाराही हवा. मास्तरांनी फार विचार केला नाही. त्यांनी दगडोबाचा अर्ज भरला. मोठेपणा दिसावा म्हणून प्रचारात स्वतःच म्हणाले, "दगडोबांबद्दल मला अतीव आदर आहे."

मतदान झालं. यादी सगळ्यांना दिसत होती. दगडोबाला वीस मतं पडली आणि मास्तरांना दोन. त्यातलं एक मास्तरांचं स्वतःचं. दुसरं दगडोबाचं.

"काय दिलदार माणूस आहे," कंपाउंडर गहिवरून म्हणाला. "विरोधकाला मत दिलं."

"दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात," बेकरीवाली म्हणाली. "आम्हाला दगडच मऊ वाटला, मास्तर. राग मानू नका."

मास्तर स्वयंपाकघरात आले. टॅबलेटवर, पिठाच्या डब्यापाशी, सोनेरी मुकुट चमकत होता. मास्तरांना हसावं की रडावं कळेना. आपणच आपल्याला पाडलं होतं आणि निवडूनही आपणच आलो होतो. त्यांनी स्वतःची समजूत घातली की मुकुट घरातच आहे, फक्त बाहेरच्या खोलीतून आत गेला.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. नव्या प्रमुखापुढे बेकरीवालीनं पहिलाच ठराव मांडला. माजी प्रमुखांनी खेळावं जरूर, पण महिनाभर त्यांचा माईक बंद आणि लिहिणंही बंद. प्रमुखांची संमती असावी.

"दाबा आता अंगठा," बायको म्हणाली.

"मी? माझ्याच तोंडाला कुलूप लावू?"

"इतकी वर्षं मी जे सांगत आले, ते त्यांनी एका ठरावात केलं. दाबा."

मास्तरांनी पाच मिनिटं विचार केला. अंगठा दाबला नाही तर दगडोबाही आडमुठा ठरणार, उद्या त्यालाही खाली ओढणार आणि मुकुट घरातून जाणार. गप्प राहिलं तर निदान तो पिठाच्या डब्यापाशी तरी राहील. जड अंतःकरणानं त्यांनी अंगठा दाबला. वीस जणांनी टाळ्या वाजवल्या, त्या टॅबलेटमधून ऐकू आल्या.

मग पुढचे सामने मास्तर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लढले. तोंडाशी हात, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तयार. कंपाउंडरनं विचारलं, "दगडोबा, मनोरा सोडून खाली येऊ?" मास्तरांनी अंगठा दाबला. बेकरीवालीनं विचारलं, "मग मी मनोऱ्यावर जाऊ?" पुन्हा अंगठा. नकार द्यायची सोयच नव्हती. मनोऱ्यावरून बेकरीवालीला सगळं मैदान दिसलं, खाली कंपाउंडरला सगळे चोरदरवाजे सापडले आणि संघ पाच पराभवांनंतर पहिल्यांदा जिंकला.

"बघ, बघ," मास्तर बायकोला म्हणाले. "मी तिला दारात उभी करून ठेवली होती. अक्कल गहाण ठेवली होती मी. आणि कंपाउंडर बघ कसा वळला. मी असतो तर डावीकडे डावीकडे करून भिंतीवर नेला असता त्याला."

"हळू बोला, उतू जाईल," बायको म्हणाली आणि तिनं दुधाखालचा गॅस बारीक केला.

गप्प बसायची सवय अंगवळणी पडली, तशी ती गाडीतही आली. चार वेळा नापास झालेल्या एका शिकाऊ बाईंना मास्तरांनी तासभर एक शब्द न बोलता चालवू दिलं. ब्रेकला पाय लावला नाही. बाई पाचव्या खेपेला पास झाल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "सर, तुमची तब्येत बरी नव्हती का हो?"

महिन्यात चार सामने झाले, चारही जिंकले. बंदी संपली त्या संध्याकाळी सगळा संघ जमला. बेकरीवालीनं प्रस्ताव मांडला, की दगडोबांना कायमचं प्रमुख करावं. एकेक जण उठून दगडोबाची स्तुती करू लागला. किती संयमी, किती समजूतदार, माणसावर केवढा विश्वास. मास्तर बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून ऐकत बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं इतकं कौतुक चाललं होतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर. वर ही माणसं फसली होती, हे वेगळंच. मुकुट गेला तर जावो, पण आता यांना फसवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि महिनाभर बंद असलेला माईक चालू केला.

"मित्रहो," ते म्हणाले. "एकच मुद्दा आहे. दगडोबा कुणी नाही. तो मीच आहे. आमच्या स्वयंपाकघरातला टॅबलेट. मला माफ करा आणि संघातून काढून टाका."

कंपाउंडर म्हणाला, "हे आम्हाला माहीत आहे, मास्तर."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दगडोबाचा माईक तुम्ही कधी बंदच केला नाही. वहिनींची भाजी चिरल्याचा आवाजसुद्धा येतो आम्हाला."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे वर्षभराचं पाणी पिणं उभं राहिलं. प्रत्येक पेला, प्रत्येक वाक्य.

"प्रत्येक सामना हरलो की इथे तुम्ही आम्हाला झापायचात," बेकरीवाली म्हणाली, "आणि तिथे वहिनींना सांगायचात, माणसं चांगली आहेत, मीच चुकलो. माझ्या हुशारीबद्दल तर घरातसुद्धा कुणी कधी असं बोललं नव्हतं. तेवढं ऐकायला आम्ही हरल्यावरही थांबायचो."

"मग मला मत का नाही दिलंत?" मास्तरांनी विचारलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलंही नाही.

"तुम्हालाच तर दिलं. दोघांतला जो बरा होता त्याला."

"आणि हे इतके दिवस बोलला का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही स्वयंपाकघरातही मुद्दे मांडले असते."

यावर मास्तरांकडे बोलण्यासारखं खूप होतं. निदान चार मुद्दे तर लगेच सुचले. पण ते उठले, आत गेले, टॅबलेटवरचा अंगठा दाबला आणि कायमचे प्रमुख झाले. मग बायकोला काहीतरी सांगायचं म्हणून त्यांनी ओट्यावरचं फडकं टॅबलेटवर टाकलं आणि हळूच म्हणाले, "अगं, फार चांगली माणसं आहेत गं."

फडक्याखालून बेकरीवालीचा आवाज आला, "वहिनी, फडकं काढा, नीट ऐकू येत नाही."