अमोसचा हरीफ

रिव्काबाई स्वयंपाकघराच्या दाराआड श्वास रोखून उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत मुलगा अमोस आणि सून नाओमी हिब्रूत कुजबुजत होती. तसं दोघांनाही मराठी उत्तम येत होतं, दोघंही मुंबईत डोंगरीला वाढलेली. पण म्हातारीला कळू नये असं काही असलं, की गाडी हिब्रूवर यायची. म्हातारीला इस्रायलमधल्या येरुहामला येऊन जेमतेम एक उन्हाळा झाला होता. तिची हिब्रू म्हणजे पाव, दूध आणि शालोम!

तरी चार शब्द त्यांनी बरोबर टिपले. 'रोफे' म्हणजे डॉक्टर. 'दाम' म्हणजे पैसे नव्हेत, रक्त. हे दवाखान्यात बोटाला सुई टोचली तेव्हाच कळलं होतं. 'लो इमा', म्हणजे आईला नको. आणि चौथा शब्द तर चक्क मराठीच होता. हरीफ!

हरीफ, रक्त, डॉक्टर, आणि वर आईला सांगायचं नाही! अमोसला कारखान्यात फोरमन करणार, अशी कुणकुण त्यांच्या कानावर होती. म्हणजे त्या जागेवर डोळा असलेला कुणी मेला पोराच्या जिवावर उठला होता. त्यांनी तिथंच आपल्या प्रेषिताला हात जोडले, "एलियाहू हन्नबी, पोराला वाचव. मलिदा करीन तुझा!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला आडून विचारलं, "काय गं, अमोस एवढा का उतरलाय?"

"कुठं काय आई? कामाचा ताण." नाओमीनं नजर चुकवली.

झालं, शंकाच उरली नाही! आता आईच्या हातात काय होतं? लोणचं होतं. मुंबईहून आणलेल्या लवंगी मिरच्या आणि इथली लिंबं घालून त्यांनी दोन बरण्या भरल्या होत्या. स्वतः त्या बोटभर चाटून वर पेलाभर ताक प्यायच्या, पण अमोसच्या पानात आता दोन-दोन फोडी पडू लागल्या.

"खा रे, अंगात रग पाहिजे माणसाच्या."

"आई, पुरे गं..."

"पुरे काय? गाठ पडली तर उभा राहशील का तू?"

"कुणाशी गाठ?" असं म्हणत अमोसनं फोड तोंडात टाकली. त्याचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यानं पोट गच्च धरलं. नुसती आठवण काढली तर लेकरू रडतंय! रिव्काबाईंच्या काळजात चर्र झालं. त्यांनी मायेनं तिसरी फोड वाढली.

असं किती दिवस चालणार? निदान शत्रू कोण ते तरी कळायला हवं. सकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या मेईरचं वाणसामानाचं दुकान गाठलं. साऱ्या गावाची खबर याच्याकडे. हिब्रूत 'कोण' म्हणजे 'मी', एवढं त्यांना ठाऊक होतं.

"अमोस... हरीफ... मी?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

मेईरचा चेहरा खुलला. "हरीफ? येश, येश!" म्हणजे आहे, आहे. मग दंडावर थाप मारून तो म्हणाला, "हझाक!" म्हणजे जबरदस्त. आणि पाठीमागच्या फळीकडे वळता वळता त्यानं दोन बोटं दाखवली.

अगं बाई, दोन-दोन! रिव्काबाई पाव न घेताच घरी पळाल्या.

संध्याकाळी अमोस नेहमीसारखा, "जरा जाऊन येतो," म्हणून निघाला. रिव्काबाईंनी पदराआड लाटणं घेतलं आणि मागोमाग निघाल्या. पोरगा एकटा आणि ते दोघं, मग घरात कसं बसवणार? अमोस समोरच्या इमारतीत शिरला, पहिल्याच दारातून आत गेला. तिथं रुमानियाहून आलेली बतशेवा नावाची म्हातारी राहायची. रिव्काबाईंनी दार ढकललं आणि लाटणं उगारलं.

"कुठायत रे ते हरीफ?"

आत अमोस दहीभात घेऊन बसला होता. समोर मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्यांची बरणी. त्याच्या हातातली काकडी जागच्या जागी थांबली. बतशेवा लाटणं बघून भिंतीला टेकली आणि बरणी पुढे करत म्हणाली, "लो हरीफ! लो हरीफ!"

"नाही? हरीफ नाही?" रिव्काबाई गोंधळल्या. "मग त्या दुकानात दोन कोण आहेत?"

"आई, दुकानात गेलीस तू? अगं, हरीफ म्हणजे तिखट!"

"तिखट?"

"माझ्या पोटात जखम झालीय. रक्त पडलं थोडं. डॉक्टर म्हणाले, तिखट बंद. पण तुला कसं सांगू? एवढ्या हौसेनं वाढतेस." अमोसनं मान खाली घातली. "लोणच्याशिवाय जेवण उतरत नाही, म्हणून इथं येऊन हे मिळमिळीत खातो."

लाटणं हळूहळू खाली आलं. "म्हणजे माझ्या पोराच्या जिवावर उठलेली... मी?"

सकाळी मेईरला विचारलेलं त्यांना आठवलं. 'मी?' म्हणजे कोण, असं विचारलं होतं. उत्तरही त्याच शब्दात होतं. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि रडू लागल्या. बतशेवाला काही समजलं नाही. तिनं एक काकडी त्यांच्या हातात दिली. रिव्काबाईंनी रडता रडता ती चावली. आंबट, खारट, थंडगार. त्यांनी दुसरी घेतली.

"आई, तुला आवडतं हे?"

"अरे मेल्या, मला तरी कुठं सोसतं तिखट? वरून ताक काय हौसेनं पिते? तुझ्या पप्पांना झणझणीत आवडायचं, म्हणून घातल्या आयुष्यभर मिरच्या."

अमोस बघतच राहिला. "पप्पांना? अगं, ते मला गुपचूप साखर द्यायचे आणि सांगायचे, खा बाबा, आईचं मन नको मोडू."

रिव्काबाई डोळे पुसून म्हणाल्या, "मेला. मला कधी बोलला नाही." आणि त्यांनी नवऱ्याच्या वाटची म्हणून तिसरी काकडी घेतली.

सकाळी त्या पाव आणायला गेल्या, तर मेईर वाटच बघत होता. त्यानं लाल चटणीच्या दोन बाटल्या समोर ठेवल्या. "हरीफ! हझाक!"

रिव्काबाईंनी त्या दोन्ही हातांनी मागे सारल्या.

"लो हरीफ, बाबा. आमच्या घरात आता कुणी कुणाचा हरीफ नाही."