तीन मिनिटं चाळीस सेकंद

सायकलची फक्त चाकं बदलायची, असं मी ठरवलं तेव्हा त्यात कुणी हरकत घ्यावी असं काही नव्हतं. (मला होती. माझ्या प्रत्येक निर्णयावर मला हरकत असते. पण तिला घरात कुणी किंमत देत नाही, मीही देत नाही.)

मी एकाहत्तर वर्षांचा आहे, पांढुर्ण्याला राहतो. चौतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि हवेच्या विरोधावर पीएच.डी. केली. एखादी वस्तू पुढे जायला लागली की हवा तिला किती मागे रेटते, हे मी एकशे ऐंशी पानांत सांगू शकतो. मात्र हवेनं दखल घ्यावी इतक्या वेगानं मी स्वतः आयुष्यात कुठे गेलो नव्हतो. म्हणून निवृत्तीनंतर रेसची सायकल घेतली. दर शनिवारी सकाळी तिच्यावरून सौंसरला मुलीकडे जायचं, जेवायचं आणि दुपारी परतायचं, असा क्रम आहे.

अडचण हेमराजची होती. हेमराज आमचा दूधवाला. दूध वाटून झालं की जुन्या काळ्या सायकलला रिकामे कॅन अडकवून, गालात तंबाखूचा खर्रा धरून तो आपल्या गावाकडे निघतो आणि जाम नदीच्या पुढच्या चढावर मला मागे टाकतो. वर काळजीनं विचारतो, "सर, तब्येत बरी नाई का आज?"

मी अभ्यास केला. खोल कड्याची कार्बनची चाकं लावली तर हवा कमी अडवते आणि पांढुर्णा ते सौंसर या अंतरात तीन मिनिटं चाळीस सेकंद वाचतात. हिशेब तीनदा केला. तिसऱ्यांदा चाळीसऐवजी अडतीस सेकंद आले, म्हणून चौथ्यांदा केला.

आमच्या सौ. देवकाबाईंची एक अट मात्र आधीपासून लागू होती. मागच्या पोळ्याला मी सायकलवरून पडलो होतो. (सायकल तेव्हा उभी होती, हे मी सहसा सांगत नाही.) त्या दिवशी ती म्हणाली, "आता आणखी एकदा पडले ना तुमी, तर सायकल हेमराजले देऊन टाकीन. त्याले तरी चालवता येते." देवका धमकी देत नाही, फक्त कळवते. त्यामुळे पडायचं नाही, एवढं एकच पथ्य मला होतं.

चाकं आली. मग कळलं की त्यांना जुने टायर चालत नाहीत. नवे टायर आणले, तर ट्यूबचा वॉल्व्ह आखूड पडला. तो झाला, तर जुने ब्रेकचे रबर कार्बनला चालत नाहीत असं निघालं. वीरेंद्र मेकॅनिकनं तीन दिवस खपून सगळं बसवलं आणि बजावलं, "सर, या चाकाले तेल-पाणी लागू नका देऊ. ब्रेक कड्यावरच घासते." मी ते डायरीत लिहून घेतलं आणि आभाळ आलेलं होतं म्हणून 'पाणी' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

देवकानं चाकं पाहिली आणि म्हणाली, नव्या गाडीची पूजा झाल्याशिवाय ती बाहेर जाणार नाही. मी म्हटलं, गाडी जुनीच आहे, फक्त चाकं नवी आहेत.

"बैलाचे चारी पाय बदलले तर बैल जुनाच राह्यते का?" तिनं विचारलं.

मी अनेकांच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

देवका सौंसरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. शनिवारी मी आंघोळ करून आलो तोवर पूजा आटोपली होती. जुन्या बारीक चाकांवर तिला टिळा लावायलाही जागा नव्हती. ही चाकं परातीच्या काठासारखी रुंद. तिनं तेलात शेंदूर कालवून दोन्ही चाकांवर, दोन्ही बाजूंनी स्वस्तिक काढले होते. एवढ्यावर न थांबता, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात तसं उरलेलं तेल दोन्ही कड्यांना गोल फिरवून चोळलं होतं.

मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. मी तेव्हा काय विचार करत होतो, असं मी नंतर स्वतःलाच अनेकदा विचारलं. शेंदराचा थर अर्धा मिलिमीटर धरला तर हवेचा विरोध किती वाढेल, याचा. उत्तर आलं चार सेकंद. चार सेकंदांसाठी बायकोचं मन मोडू नये, असं ठरवून मी निघालो आणि स्वतःच्या उदारपणावर जामच्या पुलापर्यंत खूश होतो.

त्या दिवशी चढावर मी हेमराजला मागे टाकलं. त्याला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं, पण धाप लागली होती. पुढे एका चौकात ब्रेक दाबला तेव्हा तो फार मऊ लागला. महाग वस्तूंचं असंच असतं, असं मला वाटलं.

सौंसरच्या अलीकडे एक लांब उतार आहे. शनिवार असल्यानं जामसांवलीच्या हनुमानाला पायी जाणारी माणसं रस्ताभर पसरली होती. मी ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन्ही दाबले, तर गुडघ्यांवर लाल शिंतोडे उडाले. तेलानं घर्षण कमी होतं, हा धडा मी चौतीस वर्षं शिकवला. उदाहरण बैलगाडीच्या आसाचं द्यायचो. तो मला तिथे आठवला, पूर्ण, उदाहरणासकट.

मी ओरडलो. लोकांनी वळून पाहिलं, तर हेल्मेट घातलेला एक म्हातारा, अंगभर शेंदूर, दोन लाल चाकांवरून येतो आहे. एका आजीनं हात जोडले. कुणीतरी शांतपणे म्हणालं, "सरका जी, नवस असन त्याहीचा." आणि गर्दीनं मला वाट दिली.

उताराखाली मुलीचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, भगवंतराव यांची संत्र्याची बाग आहे. फाटकाशी गळालेल्या संत्र्यांचा कमरेएवढा ढीग होता. मी हँडल तिकडे वळवलं. चाकं अर्धी आत रुतली आणि सायकल थांबली. उभी. मी वर बसलेला.

भगवंतराव बाजूलाच खाटेवर होते. ते सावकाश उठले. "बसता का, ईवाई, का असेच जाता?"

"मी पडलो नाही. तुम्ही पाहिलंत ना?"

"पडले नाई," त्यांनी मान्य केलं. मी घरी कळवू नका म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावला होता.

देवका दुपारच्या बसनं सौंसरला आली. मुलीच्या ओसरीवर सुनावणी झाली. मी तेल, ब्रेक आणि घर्षण यांचं विवेचन तयार ठेवलं होतं, पण दोष तिच्यावर जाणार आणि ब्रेक लागत नाही म्हटल्यावर सायकल हेमराजकडे जाणार, हे मला वेळेवर सुचलं. (वेळेवर सुचलेली ही माझी पहिलीच गोष्ट.) तिनं मला सगळीकडून तपासलं. कुठे खरचटलंही नव्हतं.

"एवढा उतार, एवढी माणसं," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तेल लावलं म्हणून वाचले तुमी."

मी भगवंतरावांकडे पाहिलं. ते संत्रं सोलत होते.

"पडले नाई, तर सायकल राहू द्या. पण दर शनिवारी मी तेल लावल्याशिवाय न्यायची नाई. कबूल?"

हवेच्या विरोधावर पीएच.डी. केलेला मी म्हणालो, "हाव."

तेव्हापासून दर शनिवारी ती मनापासून तेल लावते. मी जामच्या पुलाशी उतरतो आणि साबण, चिंधी, पाण्याची बाटली काढून दोन्ही चाकं चारी बाजूंनी घासून कोरडी करतो. त्याला वीस मिनिटं लागतात. चाकांमुळे वाचतात तीन मिनिटं चाळीस सेकंद.

हेमराज पूर्वी मला चढावर मागे टाकायचा. आता पुलावरच टाकतो. तब्येतीचं मात्र विचारत नाही. परवा म्हणाला, "चालू द्या सर, बाईले नाई सांगत."