पंगतीबाहेरचं गाणं

दिगंबरकाकांना सर्दी झाली म्हणून सांगा, बॉस छळतो म्हणून सांगा, नाहीतर व्हिसाचं काम अडकलंय म्हणून सांगा. ते चष्म्यावरून तुमच्याकडे बघतील आणि म्हणतील, "दुसऱ्या पंगतीतले मखमलवाले ऐक. आठ दिवस. मग सांग मला."

हे मखमलवाले म्हणजे एक जपानी रॉक बँड. 'व्हिज्युअल के' नावाचा एक प्रकार आहे, त्यात गाण्याइतकाच नट्टापट्टा महत्त्वाचा. चांगली बाप्ये माणसं डोळ्यांत काजळ, ओठांना जांभळा रंग आणि अंगात लेसचे सदरे घालून गिटार वाजवतात. काका स्वतः साठी ओलांडलेले, मूळचे नागपूरचे. उभे करायला डोक्यावर केस नाहीत, अंगात बारा महिने एकच राखाडी स्वेटर. रेडमंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एकटे राहतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सायली विमानानं दोन तासांवर, सनीव्हेलला चिप डिझाइन करते. माझं आणि काकांचं ऑफिस तळ्यापलीकडे एकाच रस्त्यावर आहे, म्हणून गेली तीन वर्षं मी सकाळी त्यांच्या गाडीतून जाते.

गाडीत बसायला अट एकच. क्रम मोडायचा नाही. अशा बँडच्या त्यांनी चार पंगती केल्या आहेत. पहिली पंगत ऐंशीच्या दशकातली. त्यात 'पिंजारलेले', म्हणजे केस छतापर्यंत आणि गाण्याला भयंकर घाई. दुसरी नव्वदची, त्यात मखमलवाले आणि त्यांची संथ, ओली गाणी. तिसऱ्या पंगतीत दोन हजारनंतरचे 'पट्टीबांधे' बसतात. ते एका डोळ्यावर बँडेज लावून किंचाळतात. चौथीत हल्लीचे 'रंगपंचमीवाले'. बँडना खरी नावं आहेत आणि काका ती अस्खलित सांगतात, पण माझ्या लक्षात ही ठेवलेली नावंच राहतात. एकदा सोमवारी सकाळी मी थेट रंगपंचमीवाले मागितले, तर काकांनी गाडी चक्क बाजूला घेतली.

"आधी वरणभात बाप्पा, जिलबी मागाहून," ते म्हणाले आणि पिंजारलेले सुरू केले.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मुलांच्या नाटकाचा मेकअप काका हौसेनं करतात. एका वर्षी शिवाजी महाराजांचे आठ मावळे पडद्यामागून आले ते डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आणि कपाळावर जांभळी बट घेऊन. अध्यक्षीणबाई पाण्याचा ग्लास हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. काका मात्र विंगेतून एकेका मुलाकडे इतक्या मायेनं बघत होते की कोणाला त्यांना बोलवेना. मुलं खूश होती. त्यातली दोन तर दुसऱ्या दिवशी शाळेत तशीच गेली.

मी आधी कानांत बोळे घालून बसायचे. मग कधी सवय झाली, कळलं नाही. हिवाळ्यात इथे पाऊस पडत नाही, नुसता हवेत लोंबकळतो. तळ्यावरचा आमचा पूल खरोखरच पाण्यावर तरंगणारा आहे. धुकं असलं की तळं आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, पुढच्या गाडीचे लाल दिवे विरघळतात, आणि आम्हा दोघांनाही न कळणाऱ्या भाषेत कोणीतरी जीव तोडून काहीतरी मागत असतं. अशा वेळी मला ऑफिस आहे, तिथे मीटिंग आहे, हे सगळं कोणीतरी सांगितलेलं वाटतं. तेवढी वीस मिनिटं मला फार आवडतात.

पण काकांची एक खोड मला समजत नव्हती. दोन गाण्यांच्या मध्ये ते एक चाल गुणगुणायचे. रोज तीच, अर्धा मिनिट, आणि रोज त्याच जागी थांबायचे. ती चार पंगतींत कुठेच नव्हती. शेवटी मी विचारलं.

"शोधतोय," ते म्हणाले. "फोनला गुणगुणून दाखवलं, तो म्हणतो युरोपातलं अंगाईगीत आहे. त्याला काय कळतं."

मग पुलावर चढता चढता त्यांनी सांगितलं. सायली पंधरा वर्षांची असताना मंडळाच्या दिवाळीला डोळे काजळानं भरून आणि केस जांभळे करून निघाली होती. गाडीत तिनं स्वतः भरलेली सीडी लावली. त्यावर नाव-गाव काही नाही, नुसता जांभळ्या पेननं काढलेला चंद्र. काकांनी अर्ध्या मिनिटात ती काढली आणि हॉलबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. पोरीला चारचौघांत तोंड धुऊन यायला लावलं. ती धुऊन आली, पण पुन्हा मंडळात आली नाही.

"आता रविवारी फोन करते," काका म्हणाले. "हवा कशी, तब्येत कशी, ओके बाबा, बाय. दोन मिनिटं. तेवढं गाणं सापडलं असतं तर काहीतरी बोलता आलं असतं."

म्हणजे हा चार पंगतींचा सगळा स्वयंपाक त्या एका गाण्यासाठी होता. मला एकदम फार वाईट वाटलं.

"काका, तिलाच विचारा ना."

"आणि ती म्हणाली, आता कशाला हवंय, तर?"

आणि त्यांनी पुढचं गाणं लावलं.

त्यानंतर महिनाभरानं, एका बुधवारी, धुक्यामुळे पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. मखमलवाल्यांचं गाणं अर्ध्यात असताना काकांनी ते बंद केलं. मी बघतच राहिले. त्यांनी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि घसा खाकरून म्हणाले, "कॉल सायली."

"बाबा? इज एव्हरीथिंग ओके?" स्पीकरवर घाबरलेला आवाज आला. बुधवारी त्यांचा फोन कधी जात नाही.

काकांनी थेट गुणगुणायला सुरुवात केली. नेहमीच्या जागी ते थांबले.

वायपर दोनदा फिरला. मला वाटलं, फोन कट झाला.

मग सायलीनं पुढची ओळ म्हटली. हळू, जपानीत, मधला एक शब्द विसरून. चाल वर गेली आणि अगदी अलगद खाली आली.

"पुढे असं होतं होय," काका म्हणाले.

"बाबा, यू रिमेंबर दॅट?"

"मी तेवढंच वाजू दिलं होतं. चुकलं माझं, सायू. काजळ छान दिसत होतं तुला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आर यू ड्रायव्हिंग?"

"हो."

"देन डोंट क्राय. पुढे बघा."

गाड्या हलल्या. तो बँड अगदी लहान होता, एकच सीडी काढून मोडला, असं ती सांगत होती. काकांनी विचारलं, याला कितव्या पंगतीत बसवू? "व्हॉट पंगत, बाबा?" ती म्हणाली. तेव्हा काकांनी पहिल्या पंगतीपासून सांगायला सुरुवात केली, आणि ती ऐकत राहिली.

पट्टीबांध्यांपर्यंत येईतो ऑफिसकडे उतरायची आमची एक्झिट मागे गेली. मी ऑफिसला मेसेज केला, आज उशीर होईल.