इरण्णा मामा आणि गल्लीतल्या हिरड्या

आमच्या गल्लीतले इरण्णा मामा माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघतात. हिरडी गुलाबी असली की "चला, पुढं" म्हणतात आणि मगच मालकाकडे वळतात. मामा निवृत्त कंडक्टर. जन्म तिकिटं तपासण्यात गेला, आता हे.

हिरडीनंतर कान, मग बोटांच्या फटी. गोचीड सापडला की चिमट्याने उपटून खिशातल्या स्पिरिटच्या बाटलीत टाकतात. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मामा अंगणात मुलीच्या घरच्या कुत्र्याचे पाय फाकवून बसले होते. पाहुण्यांना वाटलं, हेच मुलीचे वडील.

कुत्रं लंगडताना दिसलं की विचारणार, "काल कुटला पाय धरला व्हता?"

"काल मागचा, आज पुढचा."

"मग मुरगळलं न्हाय ते. गोचीड ताप हाय. डाक्टरकडं न्या."

दोनदा ते खरं निघालं, तरी आम्ही हसायचोच. मला तर त्यांचा वैतागच यायचा.

मे महिन्यात आमच्या कुत्र्याच्या, राजाच्या नाकातून रक्त आलं. सोलापुरात उन्हाने घोळणा फुटणं कुणाला नवीन नाही. माणसाला करतो तेच मी केलं: डोक्यावर ओला टॉवेल आणि नाकाशी फोडलेला कांदा. बघायला जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मामा आले. राजाची हिरडी पांढरी, पोटावर बारीक लाल ठिपके.

"टाक आदी तो कांदा!" मामा ओरडले. "ऊन न्हाय हे. रिक्षा बोलव!"

डॉक्टरांनी रक्त तपासून गोचिडाचाच आजार सांगितला. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे महिनाभर मामा रोज सकाळी येऊन राजाला गोळी स्वतः गिळायला लावायचे.

राजाने पुन्हा अख्खी भाकरी खाल्ली, त्या दिवशी मी विचारलं, "मामा, हे सगळं शिकलात कुठं?"

मामा राजाच्या कानामागे खाजवत राहिले.

"आमची कुत्री व्हती, सोनी. तिचं बी नाकच फुटलं व्हतं. बायको गेल्यावर घरात आमी दोघंच की. ऊन लागलंय पोरीला, म्हणालो. दोन दिवस पंख्याखाली घिऊन बसलो, नाकाला कांदा धरून. तिला लई झोंबत व्हता तो वास. पण मान न्हाय हलवली. मी धरलाय म्हणून."