पेत्राच्या पत्रातले आढावसाहेब

आढावसाहेब आमच्या घरी पहिल्यांदा आले ते मागच्या बाजूने, मोरीचा पाइप बघत. मी शहापुरात नुकताच राहायला आलो होतो. बाहेर येऊन पाहतो तर इस्त्रीच्या शर्टातले एक सडपातळ गृहस्थ उकिडवे बसून माझं सांडपाणी न्याहाळत होते. "माझा काही संबंध नाही," ते उठत म्हणाले, "पण याला उतार नाही. पावसाळ्यात सगळं स्वयंपाकघरात येईल."

आलं.

"माझा काही संबंध नाही, पण" एवढं म्हटलं की साहेब कुठेही शिरायला मोकळे. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत एक अनोळखी शेतकरी बैल घेत होता. साहेबांनी बैलाचा जबडा उघडून दात पाहिले. "माझा काही संबंध नाही, पण हा तुमच्या थोरल्या मुलाच्या वयाचा आहे." सौदा मोडला. विकणारा साहेबांच्या मागे लागला आणि घेणाराही. त्याला तो बैल आवडला होता.

नोकरी पाटबंधारे खात्यात, कालवा निरीक्षकाची. कुणाच्या शेतात किती पाणी गेलं हे बघण्याचा सरकार त्यांना पगार देत असे. निवृत्तीनंतर तेच काम त्यांनी फुकट चालू ठेवलं, आणि फुकटच्या निरीक्षकाला कुणी नमस्कार करत नाही.

साहेब ख्रिस्ती. गावात त्यांची मंडळी मूठभर, प्रार्थनामंदिर पत्र्याचं. उपासनेला कल्याणहून एक तरुण पाळक येतात. पाळक ग्रीक शिकून आले होते आणि ते कुणाला ऐकवू असं त्यांना झालं होतं. त्यांनी एकदा संगमरवरी व्यासपीठाची कल्पना मांडली. साहेब उभे राहिले. "माझा काही संबंध नाही, पण छप्पर गळतंय. संगमरवर भिजवायला आणायचा का?" लोक हसले. पाळक हसले नाहीत.

पुढच्या रविवारी प्रवचन एकाच शब्दावर होतं: अल्लोत्रिएपिस्कोपोस. नव्या करारात तो एकदाच येतो, पेत्राच्या पहिल्या पत्रात. खुनी, चोर, दुष्कर्मी, आणि त्यांच्याच रांगेत हा शेवटचा: दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसणारा. पाळकांनी तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला आणि दर वेळी साहेबांकडे पाहिलं. मंडळीला ग्रीक कळत नव्हतं. नजर कळत होती.

साहेब घरी येऊन अभ्यासाला बसले. पुतण्याकडून कोश मागवले, भाष्यं मागवली. मग एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले, या खेपेला पुढच्या दाराने.

"हा शब्द पेत्राच्या आधी कुठल्या ग्रीक लिखाणात सापडत नाही. बहुधा त्यानेच घडवला. अल्लोत्रिओस म्हणजे परक्याचा, एपिस्कोपोस म्हणजे देखरेख करणारा. जोडून काय होतं यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी म्हणतं लुडबुड्या. कुणी म्हणतं चहाडखोर. कुणी म्हणतं दुसऱ्याची ठेव गिळणारा."

"तुम्हाला कोणता अर्थ हवाय?"

"ठेव गिळणारा," ते तत्काळ म्हणाले. "मी कधी कुणाचं काही खाल्लं नाही. तो अर्थ असेल तर मी सुटलो."

"आणि एपिस्कोपोस म्हणजे बिशपच ना?"

"त्याच शब्दावरून."

म्हणजे आपल्या हद्दीत देखरेख केली तर बिशप, आणि कुंपण ओलांडलं की चोराशेजारी जागा. चर्च काय नि पाटबंधारे खातं काय, पाप-पुण्य नेमणुकीच्या हुकुमावर ठरतं.

साहेब सगळे अर्थ घेऊन पाळकांकडे गेले. उपासना नुकतीच संपली होती. पाळकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मंडळीकडे हात पसरले. "बघा! आता माझ्या प्रवचनातही!"

या वेळी पाळकही हसले.

त्या दिवसापासून साहेब "माझा काही संबंध नाही" म्हणून थांबू लागले. गल्ली खूश झाली. गटार तुंबलं, खांबावरचा दिवा भर दुपारी जळू लागला, पण प्रत्येकाला कसं मोकळं वाटत होतं.

साहेबांच्या शेजारी सुभद्रामावशी जाधव राहतात. दोन्ही मुलगे मुंबईत नोकरीला, पहाटे जातात नि रात्री परततात. मावशीचं पिंप भरून वाहू लागलं की साहेब कुंपणावरून ओरडायचे आणि मावशी उलट ओरडायची, "तुमच्या बापाचं पानी हाय का?" वर्षानुवर्षं हे रोज चालायचं.

गेल्या आठवड्यात मी साहेबांच्या ओट्यावर बसलो होतो. पिंप भरलं, वाहू लागलं. मावशी नळाशेजारीच उभी होती आणि नळाकडे न बघता कुंपणाकडे बघत होती. साहेब उठले, बसले, पुन्हा उठले.

"तुम्ही जा," ते मला म्हणाले. "तुम्ही गेलात तर चालेल. तुमच्यावर तो शब्द नाही."

मी गेलो.

"तुमी कशाला आलात?" मावशी म्हणाली. "सायेब बरे हायेत ना? किती दिस झाले, आवाज नाय त्यांचा. दिसभर या घराला तेवढीच हाक असते."

"बरे आहेत. नळ बंद करतो."

तिने माझा हात बाजूला सारला. "तुमी नको." आणि कुंपणाकडे तोंड करून ओरडली, "काय ओ सायेब! पानी चाललंय फुकट! दिसत नाय का?"

साहेब आमच्याकडे पाठ करून उभे होते. पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.