कुत्र्यांच्या बागेत पायगोंडा आण्णा

"माणसं जोडायला काय लागतंय? कुंडलात मी थांब्यावर निस्ता उभारलो तरी धा जण चहा पाजत्यात!" पायगोंडा आण्णांनी सुनेला, प्रियदर्शनीला, ठणकावून सांगितलं.

हे झालं कुंडल गावचं! आण्णांची बायको, गुणमालाकाकू, वारल्या, मुलानं आण्णांना सांगलीच्या फ्लॅटवर आणलं, आणि तेव्हापासून दिवसभर त्यांच्याशी बोलायची ती फक्त लिफ्ट. तीही 'दार लावा' एवढंच म्हणायची.

कॉलनीत कुत्र्यांना मोकळं सोडायची बाग होती. संध्याकाळी तिथं माणसांचे घोळके हसत-बोलत उभे असायचे. गॅलरीतून बघून बघून आण्णांचा जीव तिकडं ओढत होता. शेवटी गेले, तर रखवालदार लालासाहेबनं फाटकावरच अडवलं.

"आवं आण्णा, कुत्र्याबिगर आत जाता येत न्हाई!"

अडला हरी गाढवाचे पाय धरतो, आण्णांनी कुत्र्याचे धरले! पार्किंगमधल्या भटक्याला भाकरीचा तुकडा दाखवला, गळ्यात पंचा बांधला आणि दुसऱ्या दिवशी थाटात आत! काखेत डबाही होता. दिवस मावळायच्या आत जेवायचा जैनांचा नेम आण्णांनी जन्मात मोडला नव्हता. आज चार माणसांत बसून जेवायचं, असा बेत होता.

पंचा सोडताच कुत्रं पसार! आण्णांनी डबा उघडला, भाकरी उंच धरली आणि कुंडलच्या अंगणातली हाक ठोकली, "यूऽऽ यू यू यू!"

मालकांच्या 'कम, कम'ला भीक न घालणारी बागेतली यच्चयावत कुत्री धावली! एकानं टोपी पळवली, एकानं धोतराचा सोगा धरला, वासराएवढं एक धूड थेट छातीवर चढलं. आण्णा आडवे!

"सिंबा, थुंक ते! त्याला पथ्य आहे!" एक बाई किंचाळल्या.

"ज्वारीची हाय वो, बाधत न्हाई!" आण्णा ढिगाखालून ओरडले.

खरं सांगू? त्यांना बरं वाटत होतं. इतकं जवळ कुणी आलंच नव्हतं बरेच दिवस.

बाईंनी हात देऊन उठवलं, टोपी झटकून दिली. "लागलं नाही ना? नाव काय?"

आण्णांनी टोपी नीट डोक्यावर चढवली. सांगलीत आल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं!

"पायगोंडा! पायगोंडा बाबगोंडा पाटील, कुंडलचा. मंडळी गेली, तवापासनं हितं—"

"अहो आजोबा, कुत्र्याचं!"

आण्णांनी खाली पाहिलं. बाकीची कुत्री आपापल्या मालकांकडे परतली होती. भटकं तेवढं पायाशी येऊन बसलं होतं.

"त्याची न् माझी अजून वळख व्हायची हाय," आण्णा हळूच म्हणाले.

बाई हसल्या आणि सिंबाला घेऊन निघून गेल्या. दिवस मावळला होता, डबा रिकामा होता. आण्णा उपाशीच घरी आले.

"काय आण्णा, झाली का कुणाशी ओळख?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"तर गं! पहिल्याच दिवशी नाव इचारलं!"

कुणाचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.